भरतीरेषेअलीकडचं घर

‘प्लॅन पास करून द्या’ असं म्हणत माणूस माझ्या ऑफिसात येतो, तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये घराचं चित्र तयार असतं. कुठे तरी पाहिलेली बाल्कनी, मुंबईच्या मेहुण्याच्या गेटाचं डिझाइन, जिन्याखाली देवघर. जागेचा कागद मात्र नसतो. असलाच तर सातबाऱ्याची जुनी झेरॉक्स. रत्नागिरीत वास्तुविशारद म्हणून काम करताना मी आता पहिल्या भेटीत पेन्सिल उचलत नाही. आधी विचारते, घराच्या पायरीवर उभं राहिलं की पाणी किती लांब दिसतं? भरतीला कुठवर येतं? आषाढातल्या उधाणाला कुठवर येतं? माणसं गोंधळतात. परवानगी नगरपालिकेची घ्यायची, मग समुद्राची चौकशी कशाला?

किनाऱ्यावरच्या शहरात समुद्राची चौकशी हाच अर्जाचा अर्धा भाग असतो. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवायला सांगितलं होतं. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. २०११ ला ती बदलली, २०१९ ला पुन्हा बदलली. आमच्याकडे तिला सगळेच ‘सीआरझेड’ म्हणतात, चिरेखाणवाल्यापासून वकिलापर्यंत. तिचा सगळा भार एका रेषेवर आहे. उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथपर्यंत चढतं, ती भरतीरेषा. समुद्राकाठी त्या रेषेपासून आत ५०० मीटर आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांतलं जे कमी ते, एवढ्या पट्ट्यात बांधायचं तर हे नियम लागू होतात. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठचं हे अंतर १०० मीटर होतं. त्या एका बदलाने खाडीकाठची कितीतरी घरं पट्ट्याबाहेर पडली आणि अगदी काठावरची मात्र आहेत तिथेच राहिली.

ही रेषा कुणीही काढून चालत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्याच संस्था ती आखतात. चेन्नईचं राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र आणि तिथल्याच अण्णा विद्यापीठातली दूरसंवेदन संस्था, ही नावं आमच्या फाइलींत नेहमी दिसतात. जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा १:२५,००० या प्रमाणात असतो. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. आमच्याकडचं साधं घर पुढच्या अंगणासकट त्यात मावून जातं. म्हणून प्रत्यक्ष एखाद्या भूखंडाचा प्रश्न आला की १:४००० चा नकाशा लागतो. तिथेही एका मिलिमीटरात चार मीटर जातात. रेषेच्या जाडीत एक खोली. ज्याची तीच एक खोली आहे, त्याला हे समजावून सांगणं हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड काम आहे, असं मला वाटतं.

मी इथे ज्या घराबद्दल लिहिते आहे, ते शहराच्या हद्दीतच, खाडीच्या अंगाला, मच्छीमारांच्या दाट वस्तीत आहे. जांभ्याच्या चिऱ्याचं, मातीच्या गिलाव्याचं, नळ्यांच्या छपराचं जुनं घर. पुढे पडवी, तिथे जाळी टांगलेली, मग ओटी, माजघर, मागे चूल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. आमच्याकडे त्याची कड लागली, पण कडही साधी नव्हती. त्याच दिवशी मिऱ्याच्या किनाऱ्यावर एक जहाज येऊन रुतलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. या घराची मागची पाखी त्या दिवशी गेली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा उरलेल्या वाशांनीही दम सोडला. ताडपत्री, पत्रे, पुन्हा ताडपत्री असे पावसाळे काढल्यावर घरच्यांनी ठरवलं की आता डागडुजी पुरे, नवीन बांधायचं. घरात आबा, काकी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं.

माझ्याकडे येण्याआधी ते एका सल्लागाराकडे जाऊन आले होते. त्याने सांगितलं होतं, नवीन बांधकामाचा अर्जच करू नका. दुरुस्तीची परवानगी काढा, पत्र्याची ताटी उभी करा आणि तिच्या आड चार कॉलम उभे करून टाका. बांधून झालं की कुणी पाडत नाही. हा सल्ला किनाऱ्यावर इतका सर्रास दिला जातो की तो देणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मुलाला तो पटला होता. आबांना पटला नव्हता, पण त्यांच्यापाशी दुसरा मार्गही नव्हता.

मी त्यांना मराडूची गोष्ट सांगितली. केरळात कोचीजवळ मराडू नावाचं गाव आहे. तिथे पाण्याकाठी चार मोठ्या निवासी इमारती उभ्या राहिल्या. स्थानिक पंचायतीची परवानगी होती, माणसं कर्ज काढून राहायला आली होती. किनारा नियमांचं उल्लंघन झाल्याचं ठरलं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं आणि जानेवारी २०२० मध्ये स्फोटकं लावून चारही इमारती जमीनदोस्त केल्या. आबांच्या मुलाने तो व्हिडिओ पाहिला होता. इमारत अशी बसकन मारत खाली येताना सगळ्यांनीच पाहिली होती. पण ती का पाडली, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, बिल्डरने पैसे बुडवले असतील. मी म्हटलं, कागद चुकला होता. स्थानिक परवानगी हातात असूनही चुकला होता, आणि फुटलं ते राहणाऱ्यांचं घर. एकमजली चिऱ्याच्या घराला कुणी स्फोटकं लावणार नाही, हे मलाही कळतं. पण अनधिकृत घरावर बँक कर्ज देत नाही, भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही, पुढे वादळात पडलं तर भरपाईच्या यादीत नाव घालताना तलाठी कागद मागतो. हे सगळं त्या घरातल्या नातवंडांच्या वाट्याला आलं असतं.

मग कागद काढायला बसलो. मिळकत पत्रिकेवर नाव आबांच्या वडिलांचं. ते जाऊन पुष्कळ वर्षं झालेली आणि वारस नोंद कुणी केलेलीच नाही. मच्छीमारांच्या वस्तीत हे फार दिसतं. बोटीचं लायसन्स, डिझेलचा कोटा, सोसायटीचं सभासदत्व यांचे कागद चोख असतात, कारण त्यांवाचून उद्याची फेरी होत नाही. घराच्या कागदावाचून मात्र पिढी निघून जाते. वारस नोंद करायची म्हणजे आबांच्या दोन बहिणींचीही नावं लागणार. एक नाट्याला, एक मुंबईत वर्सोव्याला दिलेली. दोघींचा हक्क कायद्याने आहेच. अर्जाला त्यांची संमती लागते किंवा त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी करून द्यावं लागतं. मुलगा म्हणाला, आत्या सही करतील, त्यात काय. मी म्हटलं, त्यांना बोलवा, माझ्यासमोर बसवा, नकाशा त्यांनाही दाखवते. बहिणीची सही ‘त्यात काय’ म्हणून घेतलेली मला आवडत नाही. माझ्या टेबलावर अशा सह्यांवरून भावंडं कायमची तुटलेली मी पाहिली आहेत.

वर्सोव्याच्या आत्या आल्या, पदर खोचून नकाशासमोर बसल्या आणि प्रत्येक खोलीवर बोट ठेवून हे काय, ते काय असं विचारत गेल्या. शेवटी म्हणाल्या, “सही करते. पण नारळी पौर्णिमेला आले तर मला हॉलमध्ये सोफ्यावर झोपवू नका.” मुलाने मूळ चित्रात माजघर काढून टाकून सगळा मोठा हॉल केला होता. आम्ही माजघर परत आणलं, थोडं लहान करून, मागच्या दाराशेजारी. तो बदल कुठल्याही नियमाने मागितला नव्हता. पण त्या घराच्या नकाशातली सर्वांत चांगली खोली तीच झाली. दोन्ही बाजूंनी वारा येणारी, उन्हाळ्यात दुपारी पाठ टेकावी अशी.

घर जुनं आहे याचा पुरावा शोधताना काकींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या, लग्नपत्रिका, एक मोडकं होकायंत्र आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आबांच्या वडिलांची काही कागदपत्रं. पावत्या खाऱ्या हवेने मऊ पडलेल्या, घडीवर फाटलेल्या, शाई पसरून जांभळी झालेली. एक एक उलगडून आम्ही खाटेवर मांडल्या. १९९१ च्या आधीच्या किती निघतात एवढंच मी पाहत होते. २०१९ नंतर नियम पुष्कळ बदलले तरी १९ फेब्रुवारी १९९१ ही तारीख किनाऱ्यावरच्या फाइली वाचणाऱ्याच्या डोक्यातून गेलेली नाही. घर तेव्हा होतं का, हे तो पहिल्यांदा विचारतो. पाच पावत्या त्याआधीच्या निघाल्या. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे खरं. पावतीवरच तसं छापलेलंही असतं. पण घर त्या जागी, त्या नावाने, त्या वर्षी उभं होतं हे ती सांगते. तिच्या जोडीला जुना शहर सर्वेक्षणाचा नकाशा ठेवला की बोलायला आधार मिळतो. काकी पावत्या परत घडी करताना म्हणाल्या, सासरे दरवर्षी पहिल्या हप्त्याला भरायचे, मासळी मिळो न मिळो. त्या पाच कागदांनी केलेलं काम माझ्या कुठल्याही नकाशाने केलं नसतं.

जागा बघायला गेले त्या दिवशी मी भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर काढलं होतं. आबांनी ते बघितलंही नाही. “आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पूर्ण भरती,” म्हणाले. किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्यात सहा तास मिळवले की सुकती. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, भरती त्याच्यामागून येते, म्हणून हा हिशेब जमतो. थोडाफार मागेपुढे होतो, पण बोट हाकायला पुरतो. मग मी त्यांना विचारलं की त्यांच्या आठवणीत पाणी सर्वांत वर कुठे आलं होतं. त्यांनी गडग्यातला एक चिरा दाखवला. त्याच्या खाली चिऱ्याचा रंग वेगळा होता, भोकं जास्त उघडलेली, कडा झिजलेल्या. मी तिथे पिवळ्या खडूने खूण केली. पुढे मान्यताप्राप्त संस्थेच्या नकाशावरची भरतीरेषा मोजणीदाराने जागेवर उतरवली, तेव्हा ती त्या गडग्याच्या किंचित पाण्याकडच्या बाजूला पडली. म्हणजे घराच्या सोयीची. कायद्याने तीच रेषा धरायची, आणि अर्जात मी तीच धरली. पण जोत्याची उंची ठरवताना मी आबांचा चिरा धरला.

त्याच जागेत आम्ही एक चाचणीचा खड्डा घेतला, शोषखड्डा कुठे करायचा ते ठरवायला. भांगाच्या दिवसांत तो कोरडा होता. मुलगा म्हणाला, बघा, इथे पाणीच नाही. मी अमावास्येपर्यंत थांबायला सांगितलं. अमावास्येला भर दुपारी, उधाणाच्या भरतीला गेलो तेव्हा खड्ड्याच्या तळाला बाजूच्या मातीतून पाणी पाझरत होतं. आमच्यासमोर ते हळूहळू वर येत गेलं आणि गुडघाभर झालं. वर कडकडीत ऊन होतं आणि जमिनीखालून समुद्र घराच्या मागच्या दारापर्यंत येऊन पोचला होता. सून खड्ड्याच्या कडेला उभी होती. तिने विचारलं, “म्हणजे संडासाचं पाणी महिन्यातून दोनदा याच पाण्यात मिसळणार?” तिने विचारलं ते कुठल्याही छापील अर्जात विचारलेलं नाही. आम्ही सेप्टिक टाकी वर उचलून बंदिस्त केली, शोषखड्डा विहिरीपासून जास्तीत जास्त लांब, जमिनीच्या उंच कोपऱ्यात नेला. त्यासाठी मुलाला त्याची गाडीची शेड सोडावी लागली. त्याने ती सोडली.

नकाशा काढताना दोन नियमावल्या एकदम उघड्या ठेवाव्या लागतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं वगळता राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. सामासिक अंतरं, जिन्याची रुंदी, खोलीची उंची तिच्यातून घ्यायची. पण शहरातला बांधलेला किनारी भाग, म्हणजे सीआरझेड-दोन, यात चटई क्षेत्र निर्देशांक मात्र २०१९ ची किनारा अधिसूचना निघाली त्या दिवशी, म्हणजे १८ जानेवारी २०१९ ला जो होता तोच धरायचा. त्याच आळीत, पट्ट्याबाहेरच्या घराला नवा निर्देशांक आणि या घराला जुना. शेजाऱ्याचा मजला चढतो आणि आपला का नाही, हे विचारणारा माणूस अडाणी नसतो. त्याला ही तारीख कुणी सांगितलेली नसते. मी नकाशाच्या कोपऱ्यात क्षेत्रफळाच्या तक्त्याखाली ती तारीख मराठीत, ठळक लिहिते. तपासणाऱ्यालाही बरं पडतं आणि घरमालकालाही.

सीआरझेड-दोनमध्ये दुसरी अट रस्त्याची. नवी इमारत अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच हवी, पाण्याकडे नको. या घराच्या पुढून, घर आणि खाडी यांच्या मधून, नगरपालिकेचा रस्ता जातो. म्हणून हे घर वाचलं. स्वतः राहण्यासाठी ३०० चौरस मीटरपर्यंत बांधकाम असेल तर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. स्थानिक प्राधिकरणाने किनारा नियमांच्या अंगाने प्रस्ताव तपासून मंजुरी द्यायची. ही सवलत लहान घरांसाठी खरोखर मोलाची आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊकच नाही. ‘सीआरझेड आहे म्हणजे मुंबईला फाइल जाणार, वर्षं जाणार’ या भीतीपोटी किती जणांनी अर्जच केला नसेल!

स्थळपाहणीला रचना सहायक आले ते तरुण गृहस्थ होते. त्यांनी टेप स्वतःच्या हातात धरली, रस्त्याच्या कडेपासून जोत्यापर्यंत मोजलं, गडग्यावरची खडूची खूण पाहून ती कशाची म्हणून विचारलं आणि आबांनी सांगितलेलं पाहणी टिपणात लिहून घेतलं. ते लिहून घ्यायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. पुढे त्यांच्या त्रुटीपत्रात दोन मुद्दे निघाले, दोन्ही रास्त. मोजणी नकाशावरचं क्षेत्र आणि मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र यांत थोडा फरक होता. अशा वेळी कमी असेल ते क्षेत्र धरायचं. दुसरा मुद्दा, किनारा नकाशावर आमचा भूखंड रंगाने वेगळा दाखवावा. दोन्ही पूर्तता केल्या.

प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. या तरतुदीवर विसंबून किनाऱ्यावर कुणी पायाचं खोदकाम सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मानीव परवानगीसुद्धा नियमांत बसणाऱ्या बांधकामालाच मिळते. आणि बसतं की नाही हे ठरवणारी रेषा तपासलेलीच नसेल तर मानलेल्या परवानगीचा उपयोग काय?

एक गोष्ट मला या सगळ्या कारभारात सलत राहते. भरतीरेषेखेरीज आणखी एक रेषा सरकारने आखून घेतली आहे, धोका रेषा. किनारा किती सरकतो, पाण्याची पातळी किती वाढते, लाटा आणि पूर कुठवर येतील, हे सगळं धरून ती आखलेली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने ते काम केलं. पण २०१९ च्या अधिसूचनेत ती आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी ठेवली आहे. परवानगी त्या रेषेवरून ठरत नाही. म्हणजे घर बांधायला परवानगी देणारा कागद आणि ते घर पाण्यात जाईल का हे सांगणारा कागद, हे दोन वेगळ्या कपाटांत राहतात. घर बांधणाऱ्याला दुसरा कागद कुणी दाखवत नाही. मी दाखवते. काही जण ऐकून गप्प होतात, काही जण रागावतात. ‘मग काय डोंगरावर राहायला जायचं?’ मच्छीमाराने डोंगरावर राहायला जायचं नाही, हे मला मान्य आहे. त्याची बोट, जाळं, बर्फ, लिलाव सगळं पाण्याकाठी आहे. म्हणूनच त्याचं घर जास्त विचाराने बांधायला हवं.

विचाराने म्हणजे काय, तर जोतं वर घ्यायचं. छपराचे वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधायचे, कारण वादळात वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. आणि काँक्रीटमधलं लोखंड वाचवायचं. किनाऱ्याची हवा लागणाऱ्या काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ मध्ये किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आच्छादन सांगितलं आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे गवंडी घाटावरच्या सवयीने २५ वर काम उरकतात. दहा-बारा वर्षांत स्लॅबच्या पोटाला फुगा येतो, पापुद्रा पडतो, आत सळई गंजून पानासारखी सुटते. परवानगीच्या नकाशात हे कुठेच दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडला की त्या बाजूचं काम संपलं, असं धरलं जातं. या घराच्या पायाच्या वेळी मी सळयांखाली ठेवायचे काँक्रीटचे ठोकळे स्वतः पट्टीने मोजून घेतले आणि मुलाला मोजायला शिकवलं. पुढचे सगळे त्याने मोजले. गवंडी कंटाळला, पण शेवटी तोही मोजून ठेवायला लागला.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात आलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. विकास शुल्क भरलं, खर्च दहा लाखांवर जात असल्याने बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर भरला. प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची, दरवर्षी वाढवून घेता येते, पण वाढ एकूण तीन वर्षांपलीकडे नाही. कायद्याचं वर्ष बारा महिन्यांचं असतं. कोकणातलं बांधकामाचं वर्ष सात-आठ महिन्यांचं, आणि मच्छीमाराचं त्याहून तोकडं. कारण हातात पैसा येतो तो मासेमारीच्या हंगामात आणि त्याच हंगामात घरातला पुरुष समुद्रावर असतो. त्यामुळे एका वर्षी पाया, दुसऱ्या वर्षी भिंती, तिसऱ्या वर्षी छप्पर अशीच ही घरं उभी राहतात. मुदतवाढीचा अर्ज वेळेत करायचा हे मी मालकांच्या हातून कॅलेंडरवर लिहून घेते. जोते तपासणी करून घेतल्याशिवाय भिंत चढवायची नाही, हेही. आबांच्या घराची जोते तपासणी झाली, जोतं मंजूर नकाशाबरहुकूम निघालं, आता भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्या आहेत.

माझं म्हणणं नियम सैल करा असं नाही. खाडीकाठी वाढलेली मी जमीन खचलेली पाहिली आहे, आणि जिथे तिवरं राखली तिथे बांध टिकलेला पाहिला आहे. नियम हवेत, आणखी कडकही चालतील. पण जो माणूस पिढ्यान् पिढ्या त्या रेषेवर राहतो, त्याला ती रेषा दिसायला तरी हवी. १:४००० चा नकाशा वॉर्डाच्या कार्यालयात भिंतीवर का नसावा? त्यावर आळीआळीने घरं ओळखू येतील अशा खुणा का नसाव्यात? मोठ्या प्रकल्पांकडे सल्लागार असतात, वकील असतात, चेन्नईहून रंगीत नकाशे येतात. मच्छीमारांच्या वाड्यातल्या माणसाकडे ताटीआड बांधायला सांगणारा सल्लागार तेवढा असतो. वर्षातून दोनदा, मासेमारी बंद असताना, नगररचना विभागाच्या माणसाने मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये बसावं, वारस नोंदीपासून सुरुवात करावी, एवढं जरी झालं तरी पुष्कळ घरं सरळ मार्गाने उभी राहतील. याला नवा कायदा लागत नाही. मी हे लेखी मागितलं आहे आणि मागत राहणार आहे.

आबांचं काम बघून त्याच वाड्यातले आणखी दोघे आले. एकाचं घर नव्या अंतराने पट्ट्याबाहेर पडतं, त्याचं सोपं आहे. दुसरं घर वाड्याच्या टोकाला आहे. रस्त्याच्या पाण्याकडच्या अंगाला, आणि मागे तिवरांचा दाट पट्टा. घरात एक आजी आणि त्यांची नोकरी करणारी मुलगी. कांदळवनाच्या सर्व बाजूंनी ५० मीटरच्या आत बांधकाम नको, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलेलं आहे आणि ते योग्यच आहे. त्या मुलीला कुणीतरी सांगितलं होतं की रात्रीतून चार तिवरं तोडली की अंतर वाढतं. ती मला ते विचारायला आली, तोडायला गेली नाही, याचं मला फार बरं वाटलं. मी तिला आधी हेच सांगितलं की एकाही फांदीला हात लावायचा नाही. तो गुन्हा आहे, आणि त्या झाडांमुळेच तिच्या घराची मागची भिंत अजून उभी आहे. नवीन घराचा नकाशा मी त्यांना काढून देऊ शकत नाही, हेही तिथेच सांगितलं. आजींच्या नावाची जुनी पावती अजून एकही सापडलेली नाही. नगरपालिकेच्या आकारणी नोंदवहीचा उतारा मिळावा म्हणून अर्ज दिला आहे. तिवरांच्या बाहेरच्या कडेपासून भिंतीपर्यंत अधिकृत मोजणीत किती अंतर भरतं यावर पुढचं ठरेल. मोजणीचं चलन मुलीने भरलं आहे. तोवर आहे त्या जोत्यावर, आहे त्या मापात छपराची दुरुस्ती करू द्यावी, असं पत्र मी नगरपालिकेत दिलं आहे आणि आढ्याखाली दोन टेकू लावून घेतले आहेत.